आगगाडी : जगाची आणि आपल्या मराठवाड्याची

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



मंडळाच्या कार्यकारिणीने मला या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी प्रथम तिचे आभार मानतो. मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो आणि सारी हयात मुलांना भूगोल व इतिहास शिकविण्यात घालविली. त्यामुळे आजचा विषयही मी शाळेतल्या फळ्यावरचाच निवडला आहे. तो म्हणजे आगगाडी. विषय साधा आहे, परंतु त्यात आपल्या मुलखाचे सुखदुःख साठविलेले आहे, अशी माझी समजूत आहे.

प्रथम आपल्या या संमेलनाकडेच पाहा. सभागृहात नांदेडची मंडळी आहेत, परभणी, जालना, मनमाडची आहेत, काही हैदराबाद आणि मुंबईहूनही आलेली आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांची सोयरीक बैलगाडीने एक-दोन मुक्कामांत गाठता येईल एवढ्याच टापूत होत असे. त्यापलीकडे आपली माणसे आहेत, हे ऐकून ठाऊक असे, पाहून नव्हे. आगगाडी आली, नोकरीधंद्यासाठी माणसे पांगली आणि त्याच आगगाडीने ती पुन्हा एकत्रही येऊ लागली. आपली ज्ञातिमंडळे, त्यांची संमेलने, वधूवरांच्या याद्या आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे ही पुष्कळ अंशी आगगाडीची देणगी आहे.

आता जगाकडे वळू. इंग्लंडात १८२५ साली स्टॉकटन ते डार्लिंग्टन या मार्गावर वाफेच्या इंजिनाची सार्वजनिक आगगाडी सुरू झाली आणि १८३० साली लिव्हरपूल व मँचेस्टर ही दोन मोठी शहरे रुळांनी जोडली गेली. त्यानंतर तेवीस वर्षांच्या आत, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी निघाली. अंतर ३४ किलोमीटर, डबे चौदा आणि प्रवासी सुमारे चारशे. या उद्योगामागे इंग्रज व्यापाऱ्यांइतकीच नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या एतद्देशीय धुरीणांची खटपट होती, हे आपण विसरता कामा नये. पुढे १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली कसाऱ्याचा थळघाट ओलांडून गाडी देशावर चढली. त्या घाटांत सुरुंग लावणारे आणि दगड फोडणारे हजारो मजूर आपल्याच मुलखातले होते. त्यांतील कित्येक पटकीने व अपघाताने तेथेच राहिले.

अमेरिकेत १८६९ साली पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला. रशियाने १८९१ साली सैबेरियातून जाणाऱ्या मार्गास हात घातला. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे त्याचे अंतर ९,२८९ किलोमीटर भरते. जपानने १९६४ साली टोकियो-ओसाका मार्गावर शिंकानसेन ही अतिवेगवान गाडी सुरू केली. १९९४ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राच्या तळाखालून बोगदा काढून गाड्या धावू लागल्या.

या साऱ्या पराक्रमाच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते एखादा सातवीतला मुलगाही समजू शकेल. लोखंडी चाक लोखंडी रुळावरून फिरते तेव्हा घर्षण अत्यल्प होते. म्हणून जेवढा माल सडकेवरून न्यावयास पुष्कळ शक्ती खर्चावी लागते, तेवढाच माल रुळावरून थोड्या शक्तीत जातो. एका मालगाडीत जेवढे धान्य मावते तेवढे नेण्यास ट्रकांची मोठी रांग लावावी लागेल. इंजिन कोळशाचे असो, डिझेलचे असो की विजेचे असो, हे तत्त्व बदललेले नाही.

आगगाडीने घड्याळही बदलले. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ सूर्यावरून ठरे. मुंबईची वेळ निराळी, मद्रासची निराळी. गाड्यांचे वेळापत्रक अशाने कसे जमावे? म्हणून आपल्या देशातील रेल्वे कंपन्यांनी मद्रासची वेळ प्रमाण धरली आणि १९०६ पासून सबंध देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली. अमेरिकेत तर रेल्वे कंपन्यांनीच १८८३ साली देशाचे वेळेचे पट्टे पाडले. आज आपण बारा वाजले म्हणतो, ते सूर्याला विचारून म्हणत नाही. रेल्वेने लावून दिलेली ती शिस्त आहे.

परंतु नाण्याची दुसरी बाजू सांगितल्यावाचून शिक्षकाचे काम पुरे होत नाही. महात्मा गांधींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये रेल्वेवर कठोर टीका केली. रेल्वेमुळे रोगराई पसरते, शेतकरी जवळचे धान्य दूरच्या चढ्या बाजाराकडे पाठवितो आणि त्यामुळे दुष्काळ वाढतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते निराधार नव्हते. परक्या सत्तेने रूळ टाकले ते प्रथम आपला कापूस बंदराकडे नेण्यासाठी, फौजा हलविण्यासाठी आणि विलायती माल खेड्यापर्यंत पोहोचविण्यासाठी. पूर्व आफ्रिकेत १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जो लोहमार्ग बांधला गेला, त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेण्यात आले. त्यांपैकी अडीच हजारांच्या जवळपास मृत्यू पावले. तेव्हा रूळ कोणी टाकले यापेक्षा ते कोणासाठी टाकले आणि कोठे जाऊन मिळाले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आजच्या माझ्या बोलण्याचे सूत्र हेच आहे आणि त्याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला आफ्रिकेत जाण्याची गरज नाही. आपला मराठवाडा पुरेसा आहे.

आपल्या शहरात आगगाडी आली ती १९०० सालच्या सुमारास. निजामाच्या राज्यातील रेल्वे कंपनीने हैदराबादपासून मनमाडपर्यंत गोदावरी खोऱ्याचा मार्ग बांधला. त्याची लांबी सुमारे ३९१ मैल होती. निझामाबाद, नांदेड, परभणी, जालना आणि आपले शहर यांना त्याने एका सूत्रात ओवले. मात्र हा मार्ग मीटरगेजचा होता, म्हणजे दोन रुळांतील अंतर एक हजार मिलीमीटर. मनमाडवरून मुंबईस जाणारा मोठा मार्ग ब्रॉडगेजचा, म्हणजे १,६७६ मिलीमीटर रुंदीचा होता. इंग्रज सरकारने १८७० च्या सुमारास खर्च वाचविण्यासाठी मीटरगेज स्वीकारले. पैसा त्या वेळी वाचला खरा, परंतु त्या बचतीची किंमत पुढे तीन पिढ्यांनी मोजली.

ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना मनमाड सांगावे लागणार नाही. तरुणांसाठी सांगतो. आपल्या गाडीचा प्रवास मनमाडला संपे. वळकट्या, ट्रंका, फिरकीचे तांबे आणि झोपेने पेंगुळलेली मुले घेऊन माणसे एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जात आणि मुंबईच्या गाडीची वाट पाहत. गाडी येई ती आधीच भरलेली. माणसांचे हे हाल, तर मालाचे त्याहून अधिक. कापसाच्या गाठी, ज्वारी-डाळीची पोती, सिमेंट आणि खत या साऱ्यांची एका वाघिणीतून उतरवणी आणि दुसऱ्या वाघिणीत भरणी हमालांच्या पाठीवरून होई. त्यात वेळ जाई, पोती फाटत, माल भिजे. मग ज्या मालाला दोनदा उचलावे लागते तो महाग पडणारच. कारखानदार जागा निवडताना हा हिशेब प्रथम करतो.

ही अडचण केवळ आपलीच होती असे नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी आणि मेलबर्न या शहरांमधील मार्ग १८८३ साली आल्बरी येथे एकमेकांस भिडले, पण दोन प्रांतांचे रूळ निरनिराळ्या रुंदीचे. तेथील प्रवाशांना १९६२ पर्यंत त्या ठिकाणी गाडी बदलावी लागे. याउलट अमेरिकेच्या दक्षिण भागाने काय केले पाहा. १८८६ साली मे महिन्याची अखेर आणि जूनची पहिली तारीख अशा अवघ्या दोन दिवसांत त्यांनी सुमारे साडेअकरा हजार मैलांच्या मार्गावरील एक रूळ उपटून तीन इंच आत ठोकला आणि उत्तरेच्या मार्गांशी आपले नाते जवळपास जुळवून घेतले. खिळे आगाऊ ठोकून ठेवलेले, माणसे जागोजाग नेमलेली आणि इंजिने-डबे तयार केलेले. तयारी असली आणि इच्छा असली तर काय होऊ शकते, याचा हा धडा आहे.

आपल्याकडे मात्र वाट पाहावी लागली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५१ साली निजामाची रेल्वे मध्य रेल्वेत आली, १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे निर्माण होऊन आपला मार्ग सिकंदराबादच्या कारभाराखाली गेला. पाट्या बदलल्या, रुळांतील अंतर मात्र तेच राहिले. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सेनानी गोविंदभाई श्रॉफ यांनी आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणाचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. निवेदने झाली, मोर्चे झाले, आंदोलने झाली. त्यात विद्यार्थी होते, व्यापारी होते, वकील होते, शेतकरी होते. कोणी एका जातीचे वा पक्षाचे ते काम नव्हते. १९९२ पासून केंद्राने देशभर एकच गेज करण्याचा ‘युनिगेज’ प्रकल्प हाती घेतला आणि त्याच दशकात मनमाडपासून आपल्या शहरावरून पुढे परभणीकडे ब्रॉडगेजच्या गाड्या धावू लागल्या. मनमाडच्या फलाटावरची धावपळ थांबली. गाडी आली तेव्हापासून मोजले तर या जोडणीस नव्वद वर्षांहून अधिक काळ लागला.

जोडणीचे मोल काय, हे २०१६ च्या उन्हाळ्याने सर्वांना दाखविले. लातूर शहरात पाण्याचा एवढा दुष्काळ पडला की पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली. त्या वेळी मिरजेहून कृष्णेचे पाणी भरून रेल्वेच्या टाक्या लातूरला आल्या. १२ एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी पोहोचली, तिला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली. आता हा मार्ग कोणता, ते ध्यानात घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ साली सुरू केलेल्या बार्शी लाइट रेल्वेचाच हा विस्तार. ती छोटी गाडी १९११ साली लातूरला पोहोचली. पंढरीच्या वारकऱ्यांची लाडकी गाडी ती, पण मिरजेपासून लातूरपर्यंतचा हा सारा मार्ग २००० साली नॅरोगेजचाच होता. पुढील दहा-बारा वर्षांत त्याचे रुंदीकरण झाले नसते, तर त्या मोठ्या टाक्यांना लातूर गाठता आले नसते. रुंदीकरणाची मागणी करणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात पाण्याची गाडी असेल? रूळ एकदा जुळले की ते कोणत्या संकटात उपयोगी पडतील, हे आधी सांगता येत नाही.

आणि आगगाडी थांबते तेव्हा काय होते, हेही आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशातील प्रवासी गाड्या बंद झाल्या. आपल्या शेजारच्या जालन्यात लोखंडाच्या कारखान्यांत राबणारे मध्य प्रदेशातील काही मजूर घरी जाण्यासाठी भुसावळच्या दिशेने पायी निघाले. वाट चुकू नये म्हणून ते रुळांच्या कडेने चालत होते. बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान थकून ते रुळांवरच झोपले. गाड्या बंदच आहेत, अशी त्यांची समजूत होती. ८ मे रोजी पहाटे मालगाडीखाली त्यांच्यापैकी सोळा जण गेले. सोबत घेतलेल्या भाकऱ्या रुळांमध्ये विखुरलेल्या होत्या. बंधुभगिनींनो, गरिबाला आगगाडी ही सोय नसते, ती त्याची घराकडची वाट असते. श्रीमंताला मोटार आहे, विमान आहे. ज्याच्यापाशी काही नाही, त्याच्यापाशी तिकिटापुरते पैसे असतात आणि तेवढ्यावर तो देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो. रेल्वेचे महत्त्व मोजावयाचे तर ते या मापाने मोजले पाहिजे.

आता एक नाजूक गोष्ट बोलतो. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून ती बोलणे मला कर्तव्य वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. लहानगा भीमराव आपल्या भावंडांसह साताऱ्याहून गाडीने मसूर स्टेशनास उतरला. पुढे वडिलांकडे जावयाचे होते. गाडीचे तिकीट मिळाले होते, डब्यात जागाही मिळाली होती. परंतु स्टेशनात मुलांची जात कळली आणि दुप्पट पैसे देऊ केले तरी एकही गाडीवान त्यांना स्वतः हाकून नेण्यास तयार होईना. अखेर मुलांनी बैलगाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने सोबत पायी चालायचे, अशा अटीवर ती मुले निघाली. आगगाडीने त्यांना आणले, पण आमच्या समाजाने त्यांना पुढे नेले नाही. लोखंडाच्या रुळांतील फरक आपण खर्च करून मिटविला. माणसामाणसांतील हा फरक मिटविण्यास सरकारी मंजुरी लागत नाही. आपल्या मंडळाने आपल्या माणसांना हात द्यावा, मुलांना शिष्यवृत्ती द्यावी, हे योग्यच आहे. परंतु आपला मार्ग इतरांच्या मार्गास जुळणारा असला पाहिजे. जो समाज आपल्या पुरतेच रूळ टाकतो, त्याची गाडी शेवटी एका मनमाडला जाऊन अडते.

आता पुढील काळाकडे पाहू. २०२३ च्या अखेरीस जालना-मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली आणि २०२५ साली ती नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले, तसे २०२५ मध्ये स्थानकाचेही नाव छत्रपती संभाजीनगर झाले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिदिनीच, बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी निघाली. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गास १९९५ साली मंजुरी मिळाली होती. म्हणजे मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तीस वर्षांचे झाले तेव्हा बीडकरांनी आपल्या गावात गाडी पाहिली. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गास २०२४ साली आणि आपल्या शहरापासून परभणीपर्यंतच्या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणास २०२५ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. जालना-जळगाव मार्ग झाला की अजिंठ्यास जगातून येणारे प्रवासी रेल्वेने येतील आणि भुसावळकडे जाणाऱ्या मजुराला मनमाडचा वळसा पडणार नाही.

मान्यता म्हणजे गाडी नव्हे, हे आपणाला नव्वद वर्षांच्या वाट पाहण्याने शिकविले आहे. म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली तरुणांना. रेल्वेभरतीच्या परीक्षा मराठीतूनही देता येतात. तिकीट तपासनिसापासून अभियंत्यापर्यंत सर्व जागा खुल्या आहेत, लातूरला डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. मंडळाच्या वसतिगृहात या परीक्षांसाठी एक अभ्यासवर्ग चालावा. गणित व भूगोल शिकविण्यास मी विनामूल्य येईन आणि त्या वर्गाचे दार कोणत्याही जातीच्या मुलास बंद नसावे. दुसरी विनंती व्यापारी बंधूंना. मार्गांची कामे कोठे रखडली आहेत याची माहिती ठेवून लोकप्रतिनिधींना लेखी विचारीत जावे. गोविंदभाईंच्या पिढीने हे काम पोस्टकार्डांवर केले, आपल्यापाशी साधने अधिक आहेत. तिसरी विनंती सर्वांना. रेल्वे ही आपल्या करातून उभी राहिलेली मालमत्ता आहे. डब्यातला नळ मोडणारा आणि विनातिकीट बसणारा आपल्याच घरात चोरी करतो, एवढे मुलांना घरी सांगावे.

माझ्या बोलण्याचा मथितार्थ एवढाच की लोहमार्ग नुसता असून भागत नाही, तो पुढच्या मार्गाला मिळावा लागतो. जगाचा इतिहास हेच सांगतो आणि मराठवाड्याचाही.  पुढील वर्षीच्या संमेलनास बीडची मंडळी निम्मी वाट तरी आगगाडीने येवोत आणि त्यापुढील एखाद्या वर्षी जळगावची मंडळी जालन्यावरून येवोत, अशी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.